चार नंबरची काच

टेलर : सहा वाजून दहा मिनिटांनी, मॅडम. मी समोरच उभा होतो. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि टिक. चार नंबर.

इंजिनिअर : कुणाचा हात लागला नव्हता?

टेलर : कुणाचा लागणार? गल्लीत एवढ्या सकाळी मी आणि माझं मशीन, दोघंच जागे.

अण्णा : मॅडम, आधी चहा घ्या. भिंत काही पळून जात नाही.

इंजिनिअर : ती पळून जाऊ नये म्हणूनच सव्वासातला आलेय, अण्णा. वॉर्ड ऑफिस दहाला उघडतं. वही द्या.

अण्णा : द्या हो मास्तर. बघा मॅडम, एक दिवस खाडा नाही. सही, वेळ, तारीख. गल्ली समितीचा अध्यक्ष म्हणून सांगत नाही, पण मी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, हिशेबाची वही इतकी स्वच्छ माझीसुद्धा नव्हती.

इंजिनिअर : साडेतीन महिने. सात काचा, रोज सातही ‘शाबूत’. आज पहिल्यांदा ‘तुटली’.

अण्णा : म्हणजे पास झालो की.

इंजिनिअर : आपलं ठरलेलं पुन्हा सांगते. वरच्या रस्त्याची माती धरणाऱ्या या भिंतीला जिथे जिथे भेग आहे तिथे आडवी काच. काच ताणली जात नाही. भिंत केसभर सरकली तरी तुटते. एक तुटली तर तशीच ठेवायची आणि मला फोन. तीन तुटल्या तर भिंतीला लागून असलेली चारही घरं त्याच तासाला रिकामी. आजची पहिली. तेव्हा मी टेकू मागवते, वहीत सकाळ-संध्याकाळ नोंद सुरू करा. घरं सोडायची गरज नाही.

टेलर : पहिली.

अण्णा : पहिलीच तर.

इंजिनिअर : घरात काही फरक जाणवला? फरशी उचलली, दार अडकलं, असं काही?

टेलर : मागच्या खोलीचं दार जरा घासतं. सुताराने दोनदा रंधा मारला.

इंजिनिअर : दोनदा?

टेलर : पंधरा दिवसांत. लाकूड फुगलं म्हणाला.

इंजिनिअर : इतक्या कोरड्या हवेत? मागच्या खोलीची मागची भिंत म्हणजे हीच ना?

टेलर : हीच. वडिलांनी वेगळी बांधलीच नाही. पलीकडे नुसती माती, चोर काय उंदीरसुद्धा यायचा नाही, म्हणायचे. आई तिथेच असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच.

इंजिनिअर : आत्ता उठल्यात का?

टेलर : झोपली असेल. मशीनच्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून साडेपाचला दार ओढून घेतलं. शाळेचे चाळीस गणवेश आजच द्यायचेत.

इंजिनिअर : अण्णा, हा तुकडा धरा. उजेडाकडे. काही दिसतंय?

अण्णा : काच आहे.

इंजिनिअर : तेच म्हणतेय. नुसती काच आहे. मी बसवलेल्या प्रत्येक काचेवर नंबर आणि तारीख आहे.

अण्णा : पाण्याने गेली असेल धुऊन.

इंजिनिअर : हिऱ्याच्या पेनने कोरलेली आहे. ती धुतली जात नाही. मास्तर, तुम्ही अण्णांकडे काय बघताय?

टेलर : मी कुठे बघतोय?

इंजिनिअर : ही काच कुणी बसवली?

अण्णा : आता त्यात एवढं काय आहे, मॅडम! आयुक्तसाहेब यायचे होते. दुसऱ्या वॉर्डांतले लोक यायचे होते आपलं काम बघायला. रहिवासी आणि ऑफिस हातात हात घालून कसं काम करतात ते बघायला. आणि ऐन दर्शनी भागात फुटकी काच. एखाद्या पोराच्या हाताला लागली असती. मी फ्रेमवाल्याकडून तशीच कापून आणली. दोन मिलिमीटर, तुमच्याच मापाची. तुमच्या माणसाने तिरकी लावली होती, मी ओळंबा धरून लावली.

इंजिनिअर : आधीची तुटली होती.

अण्णा : तुटली म्हणूनच तर बदलली! गल्लीतला दिवा गेला, आम्ही बदलला. गटाराचं झाकण फुटलं, आम्ही बसवलं. बाकाचा पाय मोडला, लॉन्ड्रीवाल्याने जोडला. त्या फलकावर बघा, मी स्वतः ऑइलपेंटने लिहिलंय, ‘बाकी तक्रारी : शून्य’. तुम्हीच म्हणाला होता ना सभेत, जे आपल्याला जमेल ते आपण करायचं, ऑफिसची वाट बघायची नाही?

इंजिनिअर : अण्णा, ती काच तुटण्यासाठीच लावली होती.

अण्णा : तुटण्यासाठी?

इंजिनिअर : किती बदलल्या?

अण्णा : दोन.

इंजिनिअर : कुठल्या?

अण्णा : चार आणि पाच. एका आठवड्यात. मला वाटलं माल हलका आहे. ठेकेदाराचा माल म्हटल्यावर आणखी काय वाटणार?

इंजिनिअर : म्हणजे आजची तिसरी. मास्तर, तुम्ही रोज सकाळी या काचांसमोर उभे राहता. नवी काच कळली नाही?

टेलर : कळली.

इंजिनिअर : आणि ‘शाबूत’ लिहिलंत.

टेलर : शाबूतच होती, मॅडम. त्या दिवशी.

इंजिनिअर : मास्तर.

टेलर : घरं रिकामी केल्यावर जायचं कुठे, ते तुम्ही सभेत सांगितलं होतं. शाळेचा दुसरा मजला. दोन मजले जिना. आई पलंगावरून खुर्चीत यायलासुद्धा नाही म्हणते. मी म्हटलं, अण्णांनी बदललीय ना, मग मी कशाला वाकड्यात शिरू? पुढची तुटली की सांगू. ती तुटली नाही. महिना गेला. मलाही वाटायला लागलं, काचच हलकी असेल.

अण्णा : आणि फोटो दर शुक्रवारी तुम्हाला जात होते, मॅडम. चार आणि पाचचे फोटो तुम्हीही बघितले. खाली तुमची सही आहे.

इंजिनिअर : आहे.

अण्णा : नाही, मी आपलं...

इंजिनिअर : फोटोत कोरलेली तारीख दिसत नव्हती. मी मोठं करून बघितलं नाही. अठरा गल्ल्यांचे फोटो येतात आणि तुमच्या गल्लीचा कधी काही त्रास नसतो. भिंतीला पाणी जायची भोकं आहेत ना, खालच्या ओळीत? ती दिसत नाहीत.

अण्णा : फुलांच्या मागे आहेत. मुलांकडून रंगवून घेतलं सगळं.

इंजिनिअर : भोकांवर रंगवलं?

अण्णा : भोकांवर कसं रंगवणार? आधी बुजवली.

इंजिनिअर : कुणी?

अण्णा : तुमच्याच आरोग्य खात्याने! डासांची मोहीम होती. भोकांतून पाणी ठिबकायचं, डबकं व्हायचं. आम्ही अर्ज दिला, चौथ्या दिवशी माणूस सिमेंटची पाटी घेऊन हजर. आम्ही आभाराचं पत्रही दिलं. तुम्हाला माहीत नाही?

इंजिनिअर : ते टेबल वेगळं आहे. मला कुणी विचारलं नाही. किती दिवस झाले?

टेलर : दोन महिने. काचा त्यानंतरच तुटायला लागल्या.

इंजिनिअर : दोन महिने हे पाणी मागे साठतंय. वरच्या रस्त्यावरून काय काय जातं?

अण्णा : दुधाची गाडी गेली. आता आठ पाचची बस. डेपोतून भरून येते, दारात लोंबकळतात.

टेलर : ऐकलंत?

इंजिनिअर : काय?

टेलर : टिक झालं. पाच नंबर. जाऊ नका जवळ, मॅडम. इथूनच दिसतेय. मधोमध गेलीय.

इंजिनिअर : सात एकतीस. लिहा. नाही, राहू दे वही, मी लिहिते. चार घरांत माणसं किती?

टेलर : लॉन्ड्रीवाल्याकडे पाच. नर्सबाई आणि त्यांची बहीण, सात. अण्णा आणि काकू, नऊ. आम्ही तिघं. बारा.

इंजिनिअर : मी अग्निशमनला फोन करते. अण्णा, घरं रिकामी करा. सामान नाही, नुसती माणसं. तुमचं ऐकतील.

अण्णा : लोक माझं ऐकतात हेच तर झालंय ना आता. मास्तर, तुम्ही आईला घ्या, मी बाकीचे काढतो. ए लॉन्ड्री! चला, उतरा, उतरा! शेवटचा स्टॉप! गाडी पुढे जात नाही! अहो हसताय काय, हसण्यावारी नेऊ नका, खरंच उतरा! इस्त्री राहू दे, प्लग काढ आणि बाहेर ये! नर्सबाई, बहिणीला उठवा. साडी कसली बदलताय!

इंजिनिअर : हॅलो, कंट्रोल? वॉर्डातून बोलतेय. संरक्षक भिंत, चार काचा गेल्यात, मागे पाणी. एक रुग्ण आहे, पलंगावरचा. टेकू आणि स्ट्रेचर दोन्ही पाहिजे. आणि वरचा रस्ता बंद करायचाय, आत्ता. नाही, अर्ज नंतर. हो, माझ्या जबाबदारीवर.

अण्णा : मॅडम, बसचं बघू नका. डेपोत माझा जुना ड्रायव्हर कंट्रोलर आहे, मी लावतो फोन. हां, मी बोलतोय. आठ पाचची कुठे आहे? सुटली? मग मागच्या स्टॉपला थांबव. कारण विचारू नकोस. तीस वर्षांत तुला कधी खोटी घंटी दिली का? मग थांबव.

टेलर : मॅडम!

इंजिनिअर : काय झालं?

टेलर : दार उघडत नाही.

इंजिनिअर : कडी?

टेलर : कडी नाहीच. नुसतं ओढून घेतलं होतं. खांदा लावला, जागचं हलत नाही. वर चौकटीत रुतलंय.

अण्णा : सरका, मी पहार आणतो. दोन घावांत मोकळं होईल.

इंजिनिअर : थांबा! कुणी हात लावू नका. मास्तर, मागे या. वरची तुळई बघा. मधून खाली आलीय. ती आता चौकटीवर नाही, दारावर बसलीय. दार फोडलंत तर वरचं सगळं खाली येईल.

टेलर : मग?

इंजिनिअर : आधी टेकू, मग दार. अग्निशमनवाले लावतील. खोलीला खिडकी?

टेलर : नाही. सांगितलं ना, पलीकडे माती. एकच दार.

इंजिनिअर : आई जाग्या आहेत?

टेलर : आई! ए आई! हां, जागी आहे. विचारतेय, एवढा गलका कसला.

इंजिनिअर : त्यांच्याशी बोलत राहा. पलंग भिंतीपासून किती लांब?

टेलर : लागून आहे. गार लागते म्हणून तिनेच सरकवून घेतला.

अण्णा : लॉन्ड्रीवाल्याचे पाच चौकात गेले. नर्सबाई आणि बहीण गेल्या. आमची ही पण. मास्तर, तुमची बायको हिच्याबरोबर उभी आहे, इकडे यायला बघतेय, धरून ठेवलंय.

इंजिनिअर : अण्णा, तुम्हीही जा.

अण्णा : मी नाही जात. काच मी बसवली.

इंजिनिअर : आणि सही मी केली. ते सगळं नंतर लिहू, मी दोघांचं लिहीन. आत्ता चौकात जा आणि अग्निशमनची गाडी आली की सरळ इथे आणा. ते गल्ली चुकतात.

अण्णा : ही गल्ली कुणी चुकत नाही, मॅडम. सगळे बघायला येतात हिला.

टेलर : आई, काही नाही ग. भिंतीचं काम निघालंय. हो, ऑफिसकडून. हो, ताबडतोब आले बघ. नाही, तू उठू नकोस. उठायचा प्रयत्न करू नकोस.

इंजिनिअर : सात एकोणपन्नास. बाहेर अकरा. आत एक.

अण्णा : मॅडम, चौकातून बोलतोय, फोन स्पीकरवर टाका. डेपोचा फोन आला. आठ पाचची थांबवली. दोन्ही बाजूंनी रस्ता बंद केलाय पोलिसांनी. वर चिटपाखरू नाही.

इंजिनिअर : नक्की?

अण्णा : मी इथून बघतोय. एक माणूस नाही, एक सायकल नाही. आणि लाल गाडी दिसतेय, दोन सिग्नल मागे. गर्दी आहे, काढतायत वाट.

इंजिनिअर : तुम्ही तिथेच थांबा. मास्तर, ऐकलंत? पाच-सात मिनिटं.

टेलर : मॅडम.

इंजिनिअर : हं.

टेलर : तुमचं कुणी आलंय का मागच्या अंगाला? वरून उतरून वगैरे?

इंजिनिअर : नाही. मागे कुठून येणार, तिथे माती आहे. का?

टेलर : आई विचारतेय, पलीकडून भिंत कोण ठोकतंय.