गावभर मेलेली म्हैस

मंडळी, ऐका. एक सोपा सवाल टाकतो. उपकार फेडायचा कधी — सवड मिळाली की, का वेळ आली की? आत्ताच माना डोलवू नका. आख्यान संपल्यावर डोलवा.

नदीकाठचं एक गाव. महापूर आला, आणि ओसरताना गावातल्या म्हशी घेऊन गेला. सरकारनं मदत जाहीर केली. पण अट अशी — मेलेलं जनावर तलाठ्याला दाखवायचं. आता सांगा, नदीनं नेलेली म्हैस दाखवायची कुठून? नदीला पावती मागायची?

गावात मेलेली म्हैस सापडली एकच. चांगुणाआक्काची मोरणी, बाभळीला अडकून राहिलेली. एकटी बाई, तिचं दुभतं तेवढंच. मोरणीचं डावं शिंग कानाकडं वळलेलं — डूल घातल्यासारखं.

खंडूअण्णा आला, मागं चार गाववाले. "आक्का, तुझी म्हस घटकाभर दे की."

"मेलेली म्हस घिऊन काय करतोस रं?"

"माझी जित्ती व्हावून गेली. दाखवायला काय तरी पायजे."

"न्या बाबांनो. माझं तलाठी शेवटी बघतील. मी कुठं पळून चाललीया?"

मग काय विचारता! जिवंतपणी वेशीबाहेर न गेलेली मोरणी ट्रॉलीत बसून गावभर पाहुणी झाली. खंडूअण्णाचा गोठा पहिला, तिथं शिंग उघडंच राहिलं. पुढं लोक शहाणे झाले. तलाठी चहा पिऊन पुढच्या घरी पोचायच्या आत ट्रॉली मागच्या गल्लीनं हजर. कुठं म्हैस डाव्या कुशीवर, कुठं उजव्या. कुठं शिंगावर गोणपाट, कुठं पेंढा. एक सून तर इतकी रडली, की सासू म्हणाली, "माझ्या वेळेला एवढी रडशील काय गं?"

हसा, मंडळी. मृदंगवाले, तुम्हीही हसा. हसायचं इथंवरच आहे.

शेवटी मोरणी घरी आली. आक्कानं शिंग धुतलं, कपाळाला हळदीकुंकू लावलं. घरचं जनावर, तसंच कसं धाडायचं? तलाठी आले आणि शिंगापाशी थांबले.

"बाई, ही खंडूअण्णाची. सकाळीच पाहिली मी. दुसऱ्याची म्हैस दाखवता?"

सगळा गाव तिथंच उभा होता. तलाठी वळले. "कुणाची हो, खंडूअण्णा?"

खरं बोलावं, तर सगळ्यांचीच मदत बुडते. खंडू अंगठ्यानं चिखल उकरत म्हणाला, "माझीच, भाऊसाहेब."

आक्का एवढंच बोलली, "आसंल त्याचीच. माझी आसती, तर कुणीतरी बोललं आसतं."

मदत आली. गोठ्यागोठ्यात नवी म्हैस बांधली गेली. आक्काचा खुंटा तेवढा रिकामा. आणि मग गावाला सवड झाली. रोज सकाळी तिच्या कट्ट्यावर दुधाचे तांबे. खंडू म्हणाला, "आक्का, जल्मभर दूध पोचवीन."

"दूध नगं रं. हाताला धारंची सवय हाय. तुझ्या म्हशीखाली बसू दे."

बसली. कास धुतली, चुचकारलं, मोरणीला जे जे म्हणायची ते सगळं म्हणाली. परक्या हाताला म्हैस पान्हवत नाही, मंडळी. आक्का रिकामी चरवी घेऊन उठली. तेव्हा खंडूला वाचा फुटली.

"मोरणी तुझीच हुती, आक्का."

"मला ठावं हाय की," आक्का म्हणाली. "मला कशाला सांगतोस?"

मंडळी, उद्या आपल्या गावात पंचनाम्याला साहेब यायचेत. विचारतील, हे कुणाचं. आता टाळ वाजवा — आणि वाजवताना एकदा शेजाऱ्याकडं बघून घ्या.