तीन गुंठ्यांतला काळा ढीग

हसू नका! तुमच्या जागेत पन्नास टिपर खाणीचा दगूड पडला असता म्हंजी कळलं असतं... दोन मजली उंच ढीग, काळा कुळकुळीत, आन् लोक मला इचारत्यात, 'काय नाना, घर कवा बांधताय?' कुठं बांधू? डोक्यावर?

तुमाला सांगतो, मी नाथाजी, फौजेत चोवीस वर्सं काढली. आमच्या उमानं त्या चोवीस वर्सांत अकरा क्वार्टरं बदलली. दर येळी तुळस लावायची, आन् बदली आली की शेजारणीच्या हवाली करून ट्रंका बांधायच्या! कवा तोंडातनं शबूद न्हाई. म्हणून शिरवळला हायवेकडंला ही जागा घेतली, तिला हक्काचं घर द्यायचं, लय मनात हुतं. पण नोकरीत असताना जागा भाड्यानं दिली कोळशाच्या डेपोवाल्याला. खाणीवरनं कोळसा यायचा, त्यात निम्मा दगूड! त्यो निवडायचा आन् हितंच टाकायचा. एक दिस डेपो गुंडाळून गडी पसार, कोळसा बी गेला, दगूड तेवढा ऱ्हायला. मला फकस्त ढीग हलवायचा हुता हो!

जतचा यल्लाप्पा आला, वीटभट्टीवाला. खडा उचलला, हुंगला, तळव्यावर तोलला... मला वाटलं, नेतोय आता! तर म्हणतो, "ह्ये धड जळत न्हाई, धड विझत न्हाई री मालक. भट्टीत घातलं तर इटा रडत्याल. त्यापरीस वरच बांधा की घर, हवा चांगली येतीय!" ह्याला चहा पाजला हुता मी!

मग पुतण्या मुकुल, साताऱ्याला इंजिनियरिंग शिकतोय. "काका, वेस्ट असं काही नसतंच! सिमेंट घालून ब्लॉक पाडू, मी व्हिडिओ बघितलाय." पाडलं बारा ब्लॉक. बाराव्यावर ऐटीत बसला फोटोला, आन् मी बटण दाबायच्या आत बुडाखालचा ब्लॉक पसरला! जीन्स अजून काळी हाय. मला फकस्त ढीग हलवायचा हुता हो!

तेवढ्यात दिवाळी आली आन् मंडळाचा अध्यक्ष इंद्रजित आला. "नाना, किल्ल्याला दगूड-माती घिऊ का तुमच्यातली?" घे की बाबा! सगळी घे! उमानं शंकरपाळी दिली, मी पाठीवर थाप मारली... चुकलं एवढंच, किल्ला बांधणार कुठं, ह्ये इचारायचं ऱ्हायलं.

दुसऱ्या दिशी बघतो तर तीस गडी ढिगावर! "नाना, न्ह्यायचा कशाला? ह्यो तर आयता सह्याद्री हाय!" झालं... बुरुज, तट, पायऱ्या, हळिवाचं गवत, तोफा, मावळं, आन् माथ्याला सिंहासनावर महाराज. तालुक्यात पहिला नंबर! खोटं कशाला बोलू, मी सुदिक सॅल्यूट ठोकला.

तुळशीचं लगीन झालं, मी जेसीबी बोलावला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, चपला काढल्या, मुजरा घातला. "ढीग धा मिनटाचा हाय नाना, आधी महाराजांना उतरवा." इंद्रजितला म्हणलं, उतरव. "छ्या, जागा तुमची, मान तुमचा!" सरपंचाकडं गेलो. "खाजगी जागा हाय नाना, पंचायतीचा काय संबंध?" शेवटी मीच चढलो, अनवाणी. हात पुढं केलं... आन् थिजलो! महाराजांना 'उठा' म्हणायचं? मी? चोवीस वर्सं ऑर्डरी पाळल्या, वरच्याला ऑर्डर दिली न्हाई कवा! पाठ दाखवायची न्हाई म्हणून उलट्या पायांनी उतरलो, दोनदा घसरलो. मला फकस्त...

खाली उमा उभी. म्हणलं, उमे, घर ऱ्हायलं गं. तर म्हणती कशी, "आवं, कडंला अर्धा गुंठा मोकळा हाय की. एक खोली बास. पर आता हितनं बदली नगं."

लगोलग चुना आणला, दोघांनी मिळून खोली आखली. चुन्याचं हात अजून धुतलं न्हाईत, तवर इंद्रजित आला, मागं निम्मं मंडळ! चुन्याकडं बघितलं, किल्ल्याकडं बघितलं, आन् लय अदबीनं म्हणतो, "नाना, राग मानू नका... पण हायवेवरनं किल्ला दिसायला आडवं येतंय. घर तेवढं हलवा की!"