मागच्या सीटवरील धोंडाबाई

जबाब
दिनांक १४ ऑक्टोबर २००२

मी, शेखर केरू विधाते, वय २२ वर्षे, धंदा फुलशेती, शिक्षण बी.कॉम. दुसरे वर्ष (सोडले), राहणार मखमलाबाद, नाशिक.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, कॉलेज मी सरांशी शब्दाने शब्द वाढल्यामुळे सोडले, अभ्यासामुळे नाही. आमची जमीन रस्त्यात गेली, त्या पैशातून मी वडिलांशी भांडून मुंबईहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी आणली होती. रंग लाल, सीटा दोन. तशी दुसरी नाशकात नव्हती. त्यामुळे चावी गाडीतच ठेवायची मला सवय लागली. चोरून नेणार कुठे?

आमच्या गावचे फूलवाले रंगनाथ जेजुरकर यांची मुलगी वैष्णवी हिच्याशी माझी ओळख आहे. यापुढे काही लिहू नये असे तिचे म्हणणे आहे.

गेल्या महिन्यात मी लाल गाडी घेऊन त्यांच्या मळ्यावर गेलो असता रंगनाथकाका म्हणाले, "हिच्यात माझी पोरगी बसली तर आम्ही कुठं बसायचं? डिकीत?" मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हाला कोण नेतंय?" दुसऱ्या दिवशी वैष्णवीने एवढेच विचारले, "मग, जिंकलास?" त्याच आठवड्यात मी लाल गाडी विकली आणि काकांच्यासारखीच पांढरी मारुती ८०० घेतली, वापरलेली. विकताना मला काही वाटले नाही. एजंट लाल गाडी घेऊन ओझरकडे निघाला, तिचा आवाज बराच वेळ येत होता.

आज सकाळी मी झेंडू घेऊन गणेशवाडीच्या फूलबाजारात गेलो. काकांची मारुती उभी दिसली म्हणून मुद्दाम तिच्या शेजारी माझी लावली. माल उतरवला. वैष्णवी काट्यापाशी होती. तिने माझी गाडी पाहिली आणि ती हसली. त्यानंतर मी पांढऱ्या गाडीत बसलो, चावी होतीच, निघालो. नंबर पाहिला नाही, कारण कधी पाहावा लागला नव्हता. मागे पाहिले नाही, कारण माझ्या लाल गाडीला मागे काही नसायचे.

मी गाणे म्हणत होतो. मखमलाबाद नाक्याच्या पुढे मागून आवाज आला, "गाणं ऱ्हाऊ दे, खड्डा बघ." मागे काकांच्या मातोश्री धोंडाबाई, मांडीवर फुलांची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "आजी, तुम्ही माझ्या गाडीत कशा?"

"तुझी? ही रंगूची हाय. म्या बघत व्हते, कुठवर नेतो."

मी परत वळवत होतो. त्यांनी वळवू दिले नाही. "रंगू मला बाजाराबिगर कुठं नेत नाय. सोमेश्वरला चल, धबधबा बघू." तेथे त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि विचारले, "कॉलेज रागापायी सोडलं. लाल गाडी कशापायी सोडली?" मी आणखी एक भजे उचलले. त्या बराच वेळ हसत होत्या.

परत आलो तर बाजारात पोलीस. गाडी चोरली व आईला पळवले अशी काकांची तक्रार होती. माझी गाडी तिथेच असल्याने कोणी पळवले याबद्दल शंका नव्हती. हमाल म्हणत होते, "पोरगी पळवायला आला अन् आजी घेऊन गेला." वैष्णवीने तोंडाला ओढणी लावली होती. ती रडत होती असे हवालदारांनी पंचनाम्यात लिहिले आहे. ती रडत नव्हती.

ठाण्यात धोंडाबाई साहेबांसमोर म्हणाल्या, "त्यानं कुठं पळवलं? मीच नेला त्याला." काकांनी माझ्याकडे पाहिले. मी प्रथमच उलट काही बोललो नाही. मग त्यांनी विचारले, "तुझ्या गाडीत मागं किती बसतात?" मी सांगितले, तिघे.

"उद्या दसरा. सोनं द्यायला घरी ये. आईबापाला मागं बसवून आण. अन् निघताना नंबर बघ."

तरी बाजारातून ठाण्यात आणून ठेवलेली माझी गाडी आजच सोडावी, उद्या लागणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. फक्त पंचनाम्यात वैष्णवी "रडत होती" आहे ते खोडून "हसत होती" करावे, मग सही करतो.

(दुरुस्ती केली. सही घेतली.)