डावीकडची तिसरी खिडकी

बसा म्हणाले नव्हते मी, पण बसलाच आहात तर पाय आत घ्या – दार उघडंच राहतं माझं. डर्बीशायरचा गारठा सोसत नाही? नका सोसू. काय विचारत होतात, पेलिंग साहेब, हवेलीच्या डागडुजीसाठी – तिच्या वरच्या मजल्यावर, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीला भोक कुणी पाडलं? सांगितलं ना, सैनिकांनी. लढाईत पलटण उतरली होती तिथं. लिहा आणि – नाही, बुजवायचं नाही. का म्हणजे? मी म्हणते म्हणून.

तुमच्या नकाशात फार देखणी दिसते हो हवेली. मधे सहा खांब, इकडे सात खिडक्या, तिकडे सात, मोजून मापून. उजवीकडची तिसरी धाकट्या मालकांच्या खेळण्यांच्या खोलीची – खरी काच, खरं ऊन. आणि डावीकडची? ती भिंत. वीट, वर गिलावा, त्यावर काचेसारखा काळा रंग, पांढऱ्या पट्ट्या, अर्धा ओढलेला पडदासुद्धा रंगवलेला. नुसती जोडी जमावी म्हणून. दर मे महिन्यात रंगारी शिडी लावून तो पडदा ताजा करायचा. आणि पडद्यामागं कोण निजायचं? मी आणि माझी धाकटी बहीण, रोडा. दोघी मोलकरणी, एक खाट, उजेड मेणबत्तीचा.

तुम्हाला कशाला सांगतेय मी – तर, तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, हवा हवी. बाईसाहेब म्हणाल्या, दर्शनी बाजू बिघडेल. मग रविवारी सगळे चर्चला गेले की मी डोकं दुखतंय सांगून मागं राहायची आणि शेकोटीच्या सळईनं विटा उकरायची. तीन रविवार. चुरा एप्रनमधून नेऊन कोंबड्यांपुढं टाकला. शेवटी नुसता गिलावा राहिला, बोटभर. पलीकडे वारा वाजायचा. रोडा त्याला गाल लावून पडायची, म्हणायची, हेप्सी, एक ठोसा मार ना गं.

नाही मारला. कसा मारणार – खालून दिसलं असतं, शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय हाकललं असतं आम्हाला, आणि चिठ्ठी नसलेल्या मोलकरणीला कोण ठेवतं? आम्हाला म्हणजे – मला. ती कुठं कामाची उरली होती. म्हटलं, मे येऊ दे, शिडी लागली म्हणून रंगाऱ्यावर ढकलू. ती एप्रिलातच गेली. पुरून आले, टोपीही काढली नाही, मुठीनंच गिलावा फोडला. बिस्किटासारखा फुटला.

आणि खालून कुणाला दिसलंच नाही, साहेब. काळ्या रंगात काळं भोक. रंगाऱ्यानं मे महिन्यात पाहिलं आणि भोवतीनं रंगवून गेला. चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही. तुम्ही आलात, दुर्बीण घेऊन.

उठा आता. पेन ठेवा खिशात. सैनिक लिहिलंत ना, तेच राहू दे. आणि जाताना दार ओढू नका.