डावीकडे दोन बोटं कमी

नाव : आकाराम दादू वीरकर, वय ५८ वर्षे, धंदा : गॅरेज, रा. म्हसवड, ता. माण, जि. सातारा. दि. १२/०२/२०२५, सकाळी १०.४० वा.

जुन्या गाड्यांवर पोट असलेले आम्ही वडापचे, म्हणजे सीटवर प्रवासी भरून जाणाऱ्या जीपचे, ड्रायव्हर आणि मिस्त्री. अपघात झाला की गाडीखाली कोणी बघत नाही, आधी ड्रायव्हरचे तोंड हुंगतात, ही आमची सगळ्यांची तक्रार आहे. वडाप चालक संघटनेचा अध्यक्ष म्हणून मी ती प्रत्येक सभेत मांडली आहे. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो ते माझ्याविरुद्धही आहे.

हंबीरराव यांची वीस वर्षांची जीप तानाजी सिदू काळेल, वय ३४, हा म्हसवड ते आटपाडी वडापला चालवत असे. २७ जानेवारीला तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, गाडी भरली की मागनं डावीकडं सरकती. ब्रेक दाबला की उलट्या अंगाला वढती. हात माजा न्हाई हलत."

मी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी धरली. डावीकडे दोन बोटं कमी भरली. ॲक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू बोल्ट सैल करून पाहिले. मागच्या डाव्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, सेंटर बोल्ट तुटला होता. तो गेला की ॲक्सल पाट्यांवर सरकतो आणि गाडी तिरकी चालते. तुटलेल्या तोंडावर गंज होता.

हंबीररावांना बोलावून दाखवले. ते म्हणाले, "दोन बोटांसाठी गाडी दोन दिवस उभी करू व्हय? लग्नाचं भाडं हाय. ह्यो पिऊन येतोय, आन बोल्ट म्हणं तुटलाय!" तानाजी दारू पीत नाही, हे मला माहीत होते. तरी नवा सेंटर बोल्ट न घालता यू बोल्ट तसेच आवळून दिले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तीसेक लोकांसमोर हंबीररावांनी सिद्धनाथाचा भंडारा, देवाची हळद, पुढे केला. आमच्याकडे भंडारा उचलला की शब्द फिरवता येत नाही. "उचल. म्हण, हात सरळ ठेवीन, गाडी सरळ जाईल." कोणी ओरडले, "गड्या, आता वाकडी गेली तर देवच बघंल तुज्याकडं!" सगळे हसले. मी हसलो. तानाजीने भंडारा उचलला. त्यानंतर त्याने गाडीची तक्रार केली नाही.

९ फेब्रुवारीला सकाळी ९ वाजता, गाडी तिरकी चालते म्हणून, लोक त्याच्या गाडीत बसेनात. तेव्हा त्याची आई बयाबाई, वय ६१, मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या. "माज्या लेकानं भंडारा उचललाय. बसा की समदी." लोक बसले. दिघंचीच्या अलीकडे वळणावर गाडी मागून सरकून डाव्या अंगावर पडली. बयाबाई जागीच मयत झाल्या. सात जण जखमी.

काल सांगलीला दवाखान्यात तानाजीला भेटलो. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत. आईचे त्याला सांगितलेले नाही. म्हणाला, "मामा, माजाच हात हलला आसंल. आण मोडली. आईला सांगू नगा. उद्या सायब आलं की कबूल करतो." मी त्याला पाणी पाजले आणि निघून आलो.

जीप तुमच्या आवारात आहे. ती सोडवायला हंबीररावांनी अर्ज दिला आहे. बोल्टच्या तोंडावर गंज असेल, तर तो अपघाताच्या आधीच तुटलेला होता. यू बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा दिसतील, त्या माझ्या आहेत.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तेच लिहिले आहे, त्यातला एकही शब्द गाळू नये, म्हणून सही करतो.

साहेब, पाना सोबत आणला आहे. आधी पंचांसमक्ष तो बोल्ट खोला, मगच तानाजीला विचारा.