आमची मंडळी

जागा आहे, बसून घ्या सगळ्यांनी. दारातल्यांनीही आत या.

मला बोलायची सवय नाही. महाळुंग्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं मशीनपुढे काढली, तिथे बोलावं लागत नाही. सिनेमाच्या आधी माइकवर दोन वाक्यं बोलायचो, तेवढंच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या मंदाताई गेल्या. आणि रेखाताई तिकडे सगळ्यात मागे, चहाच्या पातेल्याजवळ बसल्या आहेत. मला त्या दोघींबद्दल बोलायचं आहे. रेखाताईंना काल विचारलं. म्हणाल्या, "बोला भाऊ. फक्त मला रडवू नका."

मंदाताईंनी महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त होऊन पुनावळ्याला आल्या आणि याच हॉलच्या भिंतीवर आपल्याला सिनेमे दाखवू लागल्या. जुन्या काळच्या राण्यांचे, देशोदेशीचे. त्यात एक राणी असायची आणि तिच्यावर जीव टाकणारी दुसरी बाई. सुरुवातीला आपण किती अवघडायचो, आठवतं ना? नेमका तेव्हाच कुणाला फोन यायचा, कुणाला गॅस बंद केला का ते बघायला जायचं असायचं.

ताई सिनेमा मध्येच थांबवायच्या. एकदा राणीनं वेणी घालणाऱ्या दासीला विचारलं, माझ्यावर प्रेम आहे ना तुझं? दासी म्हणाली, आहे. आपण खूश. ताईंनी बटण दाबलं आणि विचारलं, "तिला नाही म्हणायची सोय होती का?"

मग कांताबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या सुपरवायझरला तरी कुठं नाही म्हणता येतंय?"

ताई म्हणाल्या, "चला, इतिहास कळला तुम्हाला."

त्यांची एक तक्रार मात्र कायम होती. म्हणायच्या, "हे सिनेमावाले दोघींना म्हातारं होऊ देत नाहीत. एक विष घेते, नाहीतर दुसरीचं लग्न लावून देतात. दोघी चष्मा शोधत घरभर फिरतायत, असं एकदा तरी दाखवा की."

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच सिनेमाच्या दिवशी ताई म्हणाल्या, "भाऊ, आमची मंडळी पण येणार आहे, जागा धरा." मी सहा खुर्च्या धरल्या. कंपनीच्या बसमधून एकच बाई उतरली, हातात डबा. मी विचारलं, "बाकीचे?" ताई म्हणाल्या, "एवढीच."

माझे वडील माझ्या आईचं नाव कधी घेत नसत. "आमची मंडळी" म्हणायचे. आमच्या गावात सगळेच पुरुष बायकोला तसं म्हणायचे. म्हणजे मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. तरी माइकवर मी म्हणालो, "ताई आणि त्यांची मैत्रीण." त्यानंतर दर वेळी तेच म्हणालो. ताईंनी मला कधी टोकलं नाही.

मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावतो. माझ्या देवाची यात काही अडचण आहे, असं मला कधी जाणवलं नाही. अडचण माझी होती.

एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. धीर करून विचारलं, "ताई, या घरातली राणी कोण?" ताईंनी रेखाताईंकडे बोट दाखवलं. रेखाताई भाकरी थापत म्हणाल्या, "मला कशाला विचारता? आमच्या मंडळींना विचारा." म्हणजे ही तिला मंडळी म्हणायची आणि ती हिला. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. त्या घरात दोघींनाही नाही म्हणता येत होतं. रोज म्हणत होत्या. कारल्याची भाजी, पंख्याचा वेग, टीव्हीचा आवाज, कशालाही.

त्या आपल्यासमोर म्हाताऱ्या झाल्या, हो ना? एकमेकींचा हात धरून जिना उतरताना आपण त्यांना बघितलं. ताई तृप्त होऊन गेल्या. म्हणून आज मला फार दुःखाचं बोलता येत नाही.

पण काल हा फलक लिहायला बसलो तेव्हा पुन्हा चुकलो. "शोकाकुल" लिहिलं, खाली ताईंच्या भावाचं नाव लिहिलं, भाच्याचं लिहिलं आणि थांबलो. रेखाताईंचं काय लिहायचं? सकाळी ताईंच्या भावाला, अण्णांना, भीत भीत विचारलं. अण्णांनी फलक वाचला. म्हणाले, "तिचं नाव माझ्या वर पाहिजे. मलाच आधी सुचायला हवं होतं." आता ते वर आहे. खडू अण्णांनीच धरला होता, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय.

तरी रेखाताई मागेच बसल्यात. म्हणतात, चहाचं बघायला हवं.

रेखाताई, चहा कांताबाई बघतील. तुम्ही इकडे या, फोटोजवळच्या खुर्चीवर. लोक नमस्कार करायला येतील ते आधी तुम्हाला करतील. पहिलं फूल तुम्ही वाहायचं.

सावकाश या. घाई नाही. त्या येऊन फूल वाहीपर्यंत आपण सगळे उभे राहू, आणि कुणी काही बोलू नका.