दिलमायाच्या घरचा चहा

रत्ना: गाडी बंद नको करू. एसी गेला की इशिता उठते.

प्रीता: पाचच मिनिटं, आई. मी वर जाऊन संमतीच्या फॉर्मवर सही घेऊन येते.

रत्ना: आणि नाही दिली तर?

प्रीता: देईल. चार शनिवार येतेय मी. सहा तासांचं रेकॉर्डिंग आहे. भूतानमधून हाकललेली, नेपाळच्या छावणीत अठरा वर्षं काढून इथं कोलंबसला आलेली परियार बाई. शिवणकाम करणारी जात. गावानं कपडे शिवून घ्यायचे, पण घरात घ्यायचं नाही. आणि इथं ओहायोत येऊनही त्यांचेच लोक घर भाड्यानं देताना आधी आडनाव विचारतात. दिलमाया दीदीवर माझा अख्खा चॅप्टर उभा आहे.

रत्ना: आणि परवा ती फोनवर काय म्हणाली?

प्रीता: म्हणाली, मला तुझ्या पुस्तकात घालू नको. घाबरलीय. नाव बदलीन म्हणून सांगते आज.

रत्ना: नावाचं नाही ते.

प्रीता: मग कशाचं? तुम्हाला काय माहीत?

रत्ना: तू तिकडे तुझं मशीन, वायरी आवरत असते, तेव्हा मी स्वयंपाकघरात तिच्याशीच बोलून राहिली असते ना.

प्रीता: कुठल्या भाषेत?

रत्ना: तिची टीव्हीवरची हिंदी, माझी नागपूरची. छान जमते. मागच्या शनिवारी तिनं विचारलं, तुमची सून कोणाच्या हातचं पाणी पिते?

प्रीता: म्हणजे?

रत्ना: म्हणजे तुझ्या मांडीवरची ही गुलाबी बाटली. चार शनिवार तिच्या टेबलावर ठेवते. ती ग्लास भरून आणते, तू थँक यू म्हणते आणि बाटलीला तोंड लावते.

प्रीता: आई, मी बाळाला पाजतेय! डॉक्टरनं सांगितलंय सारखं पाणी प्या म्हणून. आणि चहा बंद केलाय, इशिता झोपत नाही त्यानं.

रत्ना: मला माहीत आहे. तिला कसं माहीत असणार? तिला तुझ्या फॉर्मवर काय दिसते? वर मोठ्या अक्षरात प्रीता दीक्षित, तुझं माहेरचं नाव. आमच्याकडेही दीक्षित असतात, म्हणाली. पूजा सांगतात.

प्रीता: पण मी तिला जातीबद्दलच विचारत होते! पाण्याबद्दल विचारलं होतं! ‘तुमच्या हातचं पाणी कोण पीत नसे’ असा प्रश्न आहे माझा. सतरा नंबरचा.

रत्ना: हो. आणि विचारून झाल्यावर एक घोट घेतला होता. बाटलीतला.

प्रीता: बाप रे. मग तिनं मला चार वेळा येऊ कसं दिलं?

रत्ना: तुझ्या पोरीमुळे. आई शिवत नाही आणि लेक चाटूनपुसून खाते. तिला काही कळेना तुमच्या घरात काय चाललंय.

प्रीता: लेक काय खाते?

रत्ना: डाळभात. मऊ करून देते ती. तूप घालून.

प्रीता: आई! सात महिन्यांची आहे, मी अजून सफरचंदावर आहे!

रत्ना: म्हणून तर सांगितलं नाही.

प्रीता: आणि बाटलीचं का नाही सांगितलंत? चार शनिवार?

रत्ना: पहिल्यांदा वाटलं, विसरली असेल. मग वाटलं, शिकलेली आहे, हिचं काही शास्त्र असेल. आणि खरं सांगू? पाहवत नव्हतं. घर बांधलं तेव्हा मी शिकवायची त्या शाळेतल्या सगळ्या बायांना बोलावलं होतं. बारा जणी आल्या. बुधवार होता, तरी पाच जणींचा उपास. दोघींना पित्त. एकीचं जेवण आत्ताच झालेलं. आणि तिघींनी मुलांच्या वॉटरबॅगा आणलेल्या. मुलं नव्हती आणली, फक्त वॉटरबॅगा.

प्रीता: हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

रत्ना: तू विचारलं कधी? तू तर वर्षभर नेपाळला गेलती ना, विचारायला.

प्रीता: टिश्यू द्या जरा.

रत्ना: रडू नको. वर जायचंय तुला.

प्रीता: कोणीच नाही घेतलं काही?

रत्ना: मंजुषानं घेतलं. पोहे खाल्ले, चहा प्याली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, रत्ना, साखर कमी आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. अजून रोज फोन करते, पाहतेस ना?

प्रीता: मी वर जाते आणि माफी मागते.

रत्ना: मागू नको. तू माफी मागशील, मग तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. आणि घटाघटा पाणी पण नको पिऊ. नाटक ओळखता येतं आम्हाला.

प्रीता: मग करू काय?

रत्ना: बाटलीचं खरं काय ते एकदा सांग. मग बस. तहान लागली की माग. फॉर्म काढूच नको.

प्रीता: आणि चहा दिला तर? इशिता रात्रभर…

रत्ना: सुमंतला पाजत होती तेव्हा मी दिवसाला सहा कप प्यायची.

प्रीता: म्हणूनच तो अजून दोनपर्यंत जागा असतो.

रत्ना: जा आता. पोरगी मी सांभाळते. बाटली दे इकडे.

(पाऊण तासानंतर, त्याच गाडीत.)

रत्ना: पाच मिनिटं म्हणाली होती. ही उठली, रडली, परत झोपली. दिली सही?

प्रीता: नाही.

रत्ना: तू फॉर्म काढला?

प्रीता: तिनंच मागितला. घरी ठेव म्हणाली, मुलाकडून वाचून घेते. पुढच्या शनिवारी ये म्हणाली, सासूला घेऊन. आणि सतरावा प्रश्न परत विचार म्हणाली, त्या दिवशी खरं सांगितलं नव्हतं.

रत्ना: विचारला?

प्रीता: मशीन कुठं होतं? तुमच्याच पायाशी आहे. बाटलीचं सांगितलं आणि नुसती बसले.

रत्ना: चहा घेतला?

प्रीता: घेतला. खरंच साखर कमी होती, आई. तुमची शपथ.

रत्ना: मग? तसं तिला बोलली?

प्रीता: बोलले.

रत्ना: ती काय म्हणाली?

प्रीता: साखरेचा डबाच आणून ठेवला माझ्यापुढे. झाकण काढून.